ड्रमस्टिकचं वजन आणि आयुष्य : आपल्या हाताची जोडी कशी निवडावी

स्टिक तुटली की बहुतेक ड्रमर पुढची जोडी जाड घेतात. ती थोडी जास्त टिकते, म्हणून त्यानंतरची आणखी जाड. असं करत ५ए वाजवणारा मुलगा २बीवर पोचतो. स्टिक खरंच कमी मोडायला लागतात आणि मग एक दिवस क्रॅशच्या (जोरात ठोकायच्या सिंबलच्या, म्हणजे झांजेच्या) कडेला तडा दिसतो, नाहीतर मनगट ठणकायला लागतं. अख्ख्या ड्रमसेटमध्ये स्टिकइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. काही मोडायचंच असेल तर तीच मोडलेली परवडते. म्हणून निवड करताना टिकाऊपणापासून सुरुवात करू नका. आधी वजन, मग ते वजन काठीच्या कोणत्या भागात आहे, मग लाकूड, आणि आयुष्याचा विचार सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर स्टिक आपोआप जास्त टिकतात, कारण हाताला साजेशी काठी असली की माणूस ती आवळून धरत नाही आणि उगाच आदळतही नाही.

पहिली पायरी : काठीवरचे आकडे नीट समजून घ्या

५ए, ७ए, ५बी, २बी ही नावं अमेरिकेतून आली. जुन्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी, ‘बी’ म्हणजे बँडसाठी आणि ‘एस’ म्हणजे रस्त्यावरच्या संचलनासाठी. आकडा जितका लहान तितकी काठी साधारणपणे जाड. आज ५एवर रॉकही वाजतं आणि भजनही, त्यामुळे अक्षरांचा मूळ अर्थ बाजूला ठेवलेला बरा.

लक्षात ठेवायचं ते हे की या नावांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक माप नाही. विक फर्थची ५ए ०.५६५ इंच व्यासाची, प्रोमार्कची क्लासिक ५ए ०.५५१ इंचांची, तर व्हेटरची लॉस एंजलिस ५ए ०.५७० इंचांची. नाव एकच, हातातली काठी वेगळी. त्यामुळे ‘मी ५ए वाजवतो’ एवढं सांगून भागत नाही. कंपनी आणि मॉडेलही सांगावं लागतं.

एकाच कंपनीची मापं शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होतं. विक फर्थच्या अमेरिकन क्लासिक मालिकेत ७ए १५.५ इंच लांब आणि ०.५४० इंच जाड आहे. ५ए १६ इंच आणि ०.५६५, ५बी १६ इंच आणि ०.५९५, तर २बी १६.२५ इंच आणि ०.६३०. ५ए आणि ५बी यांच्यातला फरक जेमतेम पाऊण मिलिमीटर. दुकानात तो डोळ्यांना दिसतही नाही. पण वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून लाकूड तेच धरलं तर ५बी ५एपेक्षा सुमारे ११ टक्के जड भरते आणि २बी जवळजवळ चौथ्या हिश्श्याने.

आता मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन्ही हातांनी हायहॅटवर (पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीवर) सोळांश मात्रा, म्हणजे एका ठोक्यात चार फटके, वाजवताय असं समजा. एका हाताचे मिनिटाला २४० फटके होतात, पाच मिनिटांच्या गाण्यात १२००. एका फटक्याला न जाणवणारे पाच-सहा ग्रॅम गाणं संपेस्तोवर कोपरापर्यंत पोचलेले असतात.

दुसरी पायरी : तराजूवर ठेवा

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. दोन्ही काठ्यांचं वेगवेगळं वजन करा आणि पेन्सिलीने बुडाशी लिहून ठेवा. हिकरी लाकडाची ५ए साधारण ५० ग्रॅमच्या आसपास भरते, पण लाकूड हे लाकूड आहे. एकाच मॉडेलच्या दोन जोड्यांत चार-पाच ग्रॅमचा फरक निघू शकतो.

जोडीतल्या जोडीत एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे चालतात. त्याहून जास्त फरक असेल तर डावा-उजवा हात सारखा वाजत नाही आणि दोष आपण हाताला देत बसतो. चांगल्या कंपन्या काठ्या वजनाने आणि स्वराने जुळवून मगच जोडी बांधतात. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवणाऱ्या विक फर्थ यांनी १९६३ मध्ये कंपनी काढली ती मनासारख्या काठ्या मिळत नाहीत म्हणून. स्वस्तातल्या, नाव नसलेल्या जोड्यांत ही जुळणी बहुधा नसते. शिकाऊ मुलाला अशी जोडी देऊ नका. ज्या वयात हात घडतो त्याच वयात त्याला सारख्या वजनाची काठी मिळायला हवी.

तिसरी पायरी : तोल शोधा

या पायरीला वेळ द्या. माझ्या मते निवडीचा अर्धा निकाल इथेच लागतो.

काठी एका बोटावर आडवी ठेवा आणि ती कुठे तोलून राहते ते बघा. त्या जागी खूण करा आणि बुडापासूनचं अंतर मोजा. आता दुसरी काठी घ्या, वजनाने तेवढीच पण वेगळ्या मॉडेलची. खूण पुढे किंवा मागे सरकलेली दिसेल. हातोडी दांड्याच्या शेवटी धरली तर एक वजन लागतं आणि डोक्याजवळ धरली तर निराळं, तसंच इथेही होतं. बोटांच्या पकडीपासून वजन जितकं लांब तितकी काठी फिरवायला जास्त जोर लागतो, आणि हा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून ५२ ग्रॅमची पुढे झुकलेली काठी ५६ ग्रॅमच्या मागे तोललेल्या काठीपेक्षा हाताला जड लागू शकते.

वजन पुढे जातं की मागे राहतं हे मुख्यतः निमुळत्या भागावर ठरतं. काठी टोकाकडे बारीक व्हायला लवकर सुरुवात झाली, म्हणजे निमुळता भाग लांब असला, तर पुढचा भाग हलका आणि लवचीक राहतो. टप्पे छान मिळतात, घोस्ट नोट्स (जेमतेम ऐकू येणारे हलके फटके) सहज निघतात, पण मान (टोकाच्या बोंडामागचा भाग) बारीक असल्याने ती लवकर मोडते. निमुळता भाग आखूड असला तर खांदा (काठी निमुळती होते तो भाग) जाड राहतो, क्रॅश आणि रिमशॉट (चामडं आणि ड्रमची कड एकदम लागणारा फटका) सहन करतो, मात्र टप्प्याला जरा आळस येतो. प्रोमार्क तर एकच माप ‘रिबाउंड’ (वजन मागे) आणि ‘फॉरवर्ड’ (वजन पुढे) अशा दोन तोलांत विकते. जमल्यास दोन्ही एकापाठोपाठ वाजवून बघा. वजन आणि तोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हातालाच कळेल.

लांबीचाही यात वाटा आहे. २०२१ पासून रोलिंग स्टोन्ससोबत वाजवणारे स्टीव्ह जॉर्डन यांच्या नावाची विक फर्थ स्टिक ०.५२५ इंच जाडीची आहे, म्हणजे ७एपेक्षाही बारीक. पण लांबी १६.५ इंच, म्हणजे ५एपेक्षा अर्धा इंच जास्त. हलकेपणा राखून लांबीने पोच मिळवलेली ही काठी आहे. ‘रॉकला जाडच लागते’ असं ठामपणे सांगणाऱ्यांनी ती एकदा हातात घ्यावी.

टप्प्याची चाचणी अशी करा. सरावाच्या रबरी पॅडवर काठी अंगठा आणि तर्जनीत सैल धरा, टोक वीतभर उंचीवरून सोडून द्या आणि टप्पे मोजा. मग पकड सेंटिमीटरभर पुढे घेऊन पुन्हा सोडा, मग मागे. जिथे सर्वात जास्त टप्पे पडतात ती त्या काठीची पकडायची जागा. ती जागा तुमच्या नेहमीच्या पकडीशी जुळली तर काठी तुमची. फार लांब असेल तर प्रत्येक गाण्यात हात नकळत तिकडे सरकत राहील आणि लय डगमगेल.

बुडाकडे ग्रिप टेप गुंडाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की तीन-चार ग्रॅमची टेप तोल मागे ओढते. काही हातांना ते बरं पडतं, पण टेप लावल्यावर टप्प्याची चाचणी परत करा.

चौथी पायरी : कुठे वाजवायचं आहे ते ठरवा

आवाज मोठा हवा म्हणून जड काठी घ्यायची ही समजूत फार पसरलेली आहे. फटक्याची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. काठी दहा टक्के जड केली आणि वेग तोच राहिला, तर ऊर्जा दहाच टक्के वाढते. वेग दीडपट केला तर ती सव्वादोनपट होते. जड काठीने वेग मंदावला तर कमावलेलं सगळं तिथेच जातं. जड काठी आवाजाचा पोत मात्र नक्की बदलते. टॉम भरदार लागतात, क्रॅश लवकर पसरतो, राइडवर (लय धरायच्या मोठ्या सिंबलवर) प्रत्येक ठोक्यामागची गुणगुण वाढते. हलक्या काठीने राइडचा ठोका सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो.

लहान सभागृह, चर्चमधलं गायन, सुगम संगीताचा कार्यक्रम किंवा गोव्यातला तियात्राचा बँड, जिथे शब्द ऐकू आले नाहीत तर सगळं फुकट, तिथे ७ए किंवा मेपल लाकडाची ५ए घ्या. उघड्या मैदानातला ऑर्केस्ट्रा असेल तर माइक कुठे आहेत ते आधी बघा. स्नेअर ड्रमला आणि वर ओव्हरहेड माइक असतील तर ५ए भरपूर होते. माइक नसतील तरच ५बीचा विचार करा.

टिपचा, म्हणजे काठीच्या टोकावरच्या बोंडाचा विचारही इथेच करा. लहान गोल टिप सिंबलवर नेमका ठोका देते. पिंपाच्या किंवा थेंबाच्या आकाराची टिप चामड्याला जास्त टेकते आणि आवाज जाड येतो. लाकडी टिपचे टवके उडाले की राइडचा आवाज दर आठवड्याला बदलत जातो. नायलॉनच्या टिपला तो त्रास नाही. रीगल टिपच्या जो कॅलाटो यांनी १९५८ मध्ये ती आणली ती याच अडचणीवर. तिचा आवाज मात्र चकचकीत आणि टोकदार असतो. जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट असेल तर सरळ नायलॉन घ्या, कारण टवका उडालेली लाकडी टिप जाळी फाडते.

पुण्या-मुंबईत ड्रम शिकायला येणारी बरीच मुलं आधी ढोल-ताशा पथकात असतात. ताशाच्या बारीक, लवचीक काड्यांवर हात तयार झालेला असतो, बोटं चपळ असतात, पण मनगटातून काठी उचलायची सवय नसते. अशा हातात थेट ५बी दिली की मूठ आवळली जाते. त्यांना काही महिने ७एवर ठेवा आणि मग ५एवर आणा. याउलट टिपरू धरून ढोल वाजवणाऱ्याला हलकी काठी हातात नसल्यासारखी वाटते आणि तो ती फेकल्यासारखी मारतो. त्याला ५एवरच, पण खालच्या उंचीवरून वाजवायला लावावं.

पाचवी पायरी : लाकूड

इथे फार वेळ घालवायची गरज नाही. हिकरी हे अमेरिकेतलं चिवट लाकूड आहे, कुऱ्हाडीच्या दांड्यांना वापरतात ते. हादरा बराचसा स्वतः पचवतं आणि वाकून परत सरळ होतं. पहिली जोडी हिकरीचीच घ्या. मेपल सुमारे दहा टक्के हलकं, त्यामुळे जाड पकड हवी पण वजन नको असणाऱ्यांना सोयीचं, पण लवकर खराब होतं. ओक हिकरीपेक्षा साधारण तेवढंच जड आणि कडक. टिकतं चांगलं, पण हादरा हातापर्यंत आणतं, आणि मोडतं तेव्हा बऱ्याचदा आधी काही चिन्ह न दाखवता मोडतं.

ॲल्युमिनियमच्या गाभ्याच्या, वरचं आवरण बदलता येणाऱ्या किंवा कार्बन फायबरच्या काठ्याही मिळतात. आयुष्याच्या बाबतीत त्या लाकडाच्या कितीतरी पुढे आहेत आणि रोज दोन-दोन तास जोरात वाजवणाऱ्याला हिशेबात परवडतातही. माझा आक्षेप एवढाच की काठी मोडत नाही, तेव्हा चुकीच्या फटक्याची शिक्षा दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागते. सिंबल तिरका मारायची सवय पक्की झाल्याशिवाय त्या घेऊ नका.

सहावी पायरी : दुकानात काय बघायचं

मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात बसून चार जोड्या पाहता येतात. संधी असेल तर ऑनलाइन मागवण्यापेक्षा हेच करा.

काठी काचेच्या काउंटरवर हलकेच घरंगळवा. टोक वरखाली उडत असेल किंवा काठी थांबत-थांबत फिरत असेल तर तिला बाक आहे.

मग ती उजेडात धरून लाकडाच्या रेषा बघा. घाई करू नका, काठी बोटांत सावकाश फिरवा. रेषा बुडापासून टोकापर्यंत काठीच्या अंगाबरोबर धावायला हव्यात. एखाद्या बाजूला रेषा तिरक्या होऊन कडेला निसटताना दिसल्या, लांबट टोकदार नक्षीसारख्या, तर ती नक्षी कुठे आहे ते बघा. बुडाकडे असेल तर चालेल. मानेपाशी किंवा रिमशॉटच्या जागी असेल तर काठी परत ठेवा. पुढे तिथूनच तिरकी चीर जाते आणि टोकाचा तुकडा हवेत उडतो.

शेवटी दोन्ही काठ्या एकामागून एक लाकडी टेबलावर किंवा गुडघ्याच्या हाडावर टिचका आणि स्वर ऐका. एक उंच, एक खाली असा स्पष्ट फरक असेल तर राइडवर तो ऐकू येईल. खिशात मावणारा काटा असला तर वजनही तिथेच करा.

सातवी पायरी : नवी जोडी पारखून बघा

एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन बदलायचं तर लांबी आणि टिप तीच ठेवा. पॅडवर मेट्रोनोम लावून एकेरी आणि दुहेरी फटके आरामाच्या लयीत वाजवा, मग दर दोन मिनिटांनी लय चार-चार अंकांनी वाढवत न्या. पुढच्या बाहूत ताण जाणवू लागला की तो आकडा लिहून ठेवा. जुन्या काठीचाही आकडा काढलेला असू द्या. नवी काठी दोन आठवड्यांनंतरही जुन्या आकड्याच्या बरीच खाली अडकत असेल तर ती तुमच्यासाठी जड आहे. त्यात कमीपणा काही नाही.

बोटांना मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, सकाळी मनगट कडक होत असेल तर काठी बदलून थांबू नका. वाजवणं बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आठवी पायरी : मोडलेली काठी वाचा

मोडलेली काठी लगेच टाकू नका. ती हाताची खरी खबर देते.

टोकापासून एक तृतीयांश अंतरावर चारी बाजूंनी कुरतडल्यासारखं झालं असेल तर ते रिमशॉटचं काम आहे, नेहमीचं. पण एकाच बाजूला खोल खाच पडली असेल तर काठी हातात कधी फिरतच नाहीये. दर गाण्याला ती पाव फेरा फिरवा, झीज वाटली जाईल.

खांद्यापाशी टवके उडाले असतील तर हायहॅटची कड बघा. रॉकमध्ये खांद्याने हायहॅट वाजवतातच, पण दोन-तीन कार्यक्रमांत मान निम्मी झाली तर हायहॅट तुमच्या हाताच्या मानाने उंच आहे. बोटभर खाली करा. वरची झांज घट्ट आवळली असेल तर थोडी सैल करा.

जास्त झीज नसताना काठी आडवी, सरळ मोडली असेल तर क्रॅशकडे जा. सिंबल अगदी सपाट किंवा फार उंच असेल तर कड काठीला काटकोनात भिडते. तो स्वतःकडे थोडा झुकवा आणि फटका मारून काठी बाजूला निघून जाऊ द्या, सिंबलमध्ये घुसवू नका. सिंबलवरची चाकी (नट) इतकी आवळू नका की सिंबल डोलणारच नाही. या एका बदलाने काठीचं आणि सिंबलचं, दोघांचंही आयुष्य वाढतं.

टोक फुटत असेल तर फटका दाबून मारला जातोय, काठी उसळू दिली जात नाही. टोकापासून मानेपर्यंत लांब तिरकी चीर असेल तर तुमचा दोष नाही, रेषा वाकड्या होत्या.

एकाच हाताची काठी सारखी मोडते का तेही बघा. उजव्या-डाव्या काठ्यांवर खूण करून दर तालमीला अदलाबदल करा. बहुतेकांची डावी काठी रिमवर आणि उजवी हायहॅटवर झिजते. अदलाबदल केली की दोन्हींची झीज सारखी होते आणि जोडी वजनानेही जुळलेली राहते.

नववी पायरी : ठेवायची कशी, काढायची कधी

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात काठी किंचित जड आणि मऊ होते. विदर्भातल्या मे महिन्यात सुकून हलकी आणि ठिसूळ. बुडाशी लिहिलेलं वजन जुलैत परत पडताळून बघा. काठ्या बॅगेत, खोलीच्या आत ठेवा. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवल्या तर बाक येतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका. भिजल्या तर कापडाने पुसून सावलीत आडव्या वाळवा.

कूस निघालेल्या जागी बारीक पॉलिश पेपर फिरवायला हरकत नाही, पण मान बारीक झाली की कागदाने ती परत जाड होणार नाही. अंगठ्याने दाबून मान लवते का बघा, टेबलावर टिचकून आवाज बद्द येतो का ऐका. दोन्हींपैकी काही जाणवलं तर ती काठी मंचावर नेऊ नका. समोर माणसं बसलेली असतात. टिप शाबूत असेल तर पॅडवरच्या सरावाला ती अजून चालेल.

कार्यक्रमाला त्याच मॉडेलच्या निदान तीन जोड्या न्या, वजनं लिहिलेल्या. एक सुटी काठी फ्लोअर टॉमला लावलेल्या पिशवीत, बूड वर करून ठेवा, म्हणजे अंधारातही बरोबर बाजूने हातात येईल. एक काठी मोडली तर उरलेली बाजूला काढून ठेवा. त्याच वजनाची दुसरी एकटी सापडली की त्यांची नवी जोडी लावा.